चिंचेनं घासलेले राजे

आमच्या घरात राजे पुडीत राहत. कंपाउंडर औषधाची बांधतो तशी चौकोनी पुडी, आत एक तांब्याचं नाणं, आणि पुडीचा कागद म्हणजे कुठलं तरी जुनं पत्रक. 'जागे व्हा', 'मुलींना शाळेत घाला', 'जाहीर सभेस सहकुटुंब यावे'. एका राजाच्या पुडीवर 'राजेशाहीचा धिक्कार असो' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं आणि तो बिचारा निमूटपणे त्यातच झोपलेला असायचा. पुड्या तंबाखूच्या एका चपट्या डब्यात, डबा पत्र्याच्या पेटीत, पेटी बाबांच्या खाटेखाली. पेटीला कुलूप नव्हतं. त्या घरात कोणी कोणाचं काही चोरावं असं काही नव्हतंच, असं आम्हाला वाटायचं.

पत्रकांची आमच्याकडे कधी ददात नव्हती. बाबा महानगरपालिकेच्या शाळेत मास्तर, पण दरवर्षी दसऱ्याला मैदानावर लोकांचा समुद्र जमायचा तेव्हा आमचं सगळं घर तिथे सतरंजी टाकून पुस्तिका विकायला बसायचं. लांबून चालत आलेली माणसं, पायांना धूळ, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, आणि ती माणसं आधी पुस्तिका विकत घ्यायची, मग चहा प्यायची. उरलेल्या पुस्तिका आणि पत्रकं घरी यायची. त्यांनी फळ्या झाकल्या जायच्या, भिंतीच्या भेगा बुजायच्या, माझ्या वह्यांना कव्हर लागायचं. मी अक्षरओळख त्याच्यावरच केली. त्यामुळे मला सुरुवातीपासूनच एकच सूर ठाऊक होता, उद्गारचिन्हाचा. आठवीत असताना माय म्हणाली, "सुजाता, पानी आन वं," तर मी म्हटलं होतं, "स्त्रियांनीच का आणायचं?" माय म्हणाली, "बरं, नको आनू. तहान लागली का मंग पत्रक पी."

आमची वस्ती पाचपावलीकडे. मागच्या गल्लीत कोष्ट्यांची घरं, त्यांचे माग सकाळपासून खटखट चालत. तो आवाज इतका अंगवळणी पडला होता की माग थांबला की आम्ही दचकून वर पाहायचो. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. माय एका मोठ्या दवाखान्यात आया होती. दिवसभर दुसऱ्यांची घाण काढायची आणि घरी आली की आधी न्हाणीत जाऊन अंगावर पाणी घ्यायची, मग आम्हाला शिवायची. आमच्या घरातली फळीवरची भांडी पाहायला शेजारच्या बाया यायच्या, इतकी ती लखलखीत असत. चिंच, मीठ आणि गाळलेली राख, ही तिची तीन शस्त्रं. निळ्या कोटातल्या त्या फोटोची काच ती रोज पुसायची आणि त्याच फडक्यानं मग दाराची कडी पुसायची. "आपल्या घरातून कोनी बाहेर गेलं अन् लोकायनं नाक मुरडलं, असं नाही झालं पायजे," हे तिचं एकच तत्त्व होतं. मी तिला कधी एखादं पत्रक वाचून दाखवलं तर ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे तं मी रोजच करून राहिली."

आता राजांबद्दल. बाबांचे मोठे काका लढाईच्या काळात पलटणीत होते. ते परदेशी गेले, सिरियातल्या एका बाजारात त्यांनी एका फेरीवाल्याकडून मूठभर जुनी नाणी घेतली, का घेतली ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि परत आल्यावर तो तंबाखूचा डबा त्यांनी पुतण्याला दिला. पुतण्या मास्तर झाला. मास्तरांनी संग्रहालयाच्या वाचनालयात इंग्रजी ग्रंथ पालथे घातले आणि त्यांना कळलं की ही बायझंटाइन साम्राज्याची नाणी आहेत, म्हणजे रोमचं पूर्वेकडचं राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल, रोम पडल्यानंतरही जे शेकडो वर्षं तग धरून राहिलं. मग पुढे इतवारीच्या भांडेबाजारात, जिथे मोडीच्या तांब्याच्या टोपल्या भरलेल्या असत, तिथे बाबा रविवारी जाऊन बसायचे. नव्या पातेल्यांच्या उतरंडीकडे बोट दाखवून दुकानदार हसायचा, "मास्तर, गंज घ्याचा तं घ्या, मातीत काय हात घालून राहिले?" एवढ्या वर्षांत त्यांना त्या टोपल्यांत तसली दोनच नाणी मिळाली, तीही बहुधा कुठल्या तरी जुन्या शिपायाच्या घरातून आलेली. पण त्या दोन नाण्यांच्या दिवशी त्यांनी आम्हाला तर्रीचे पोहे खाऊ घातले होते.

मला त्या राजांचा राग यायचा. अकरावीत गेले तेव्हा मी स्वतः पत्रकं लिहू लागले होते, सायक्लोस्टाइलची शाई माझ्या नखांतून जात नसे, आणि माझ्या बापानं संध्याकाळी खाटेवर बसून भिंगातून सम्राटांची तोंडं पाहावीत हे मला असह्य व्हायचं. एकदा मी भांडलेच. बाबांनी बेसिल नावाच्या राजाची पुडी सोडली. "हा शेतकऱ्याचा पोरगा. घोडे सांभाळायला लागला अन् सम्राट झाला."

"कसा झाला?"

"आधीच्या राजाचा खून करून."

"अन् राजा झाल्यावर काय केलं त्यानं?"

"जे राजे करतात तेच," बाबा म्हणाले आणि पुडी बांधून टाकली.

पण त्या दिवशी त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला तेव्हा पटलं नाही आणि आता फार पटतं. ते म्हणाले, "हे पाह्य, आपल्या इथला कोणताही इतिहास उघडला का मले कुठं ना कुठं आपला माणूस दिसते, दाराबाहेर उभा असलेला. मंग माझं वाचणं तिथंच थांबते. ह्या इतिहासात आपलं कोणी नाही अन् आपला दुश्मनही नाही. हा मी रागावल्याशिवाय वाचू शकतो. दिवसातून एक तास तरी माणसानं न रागावता काही वाचावं." मी म्हटलं, "राग हीच आपली ताकद आहे." ते म्हणाले, "असन. पण ताकदीलेही झोप लागते ना, बेटा."

मायला ह्या राजांबद्दल काय वाटायचं ते आम्ही कधी विचारलं नाही. तिच्या दृष्टीनं तो 'मास्तरचा डबा' होता. झाडताना ती खाट उचलायची, पेटी सरकवायची, खालची जमीन पुसायची, पेटी परत ठेवायची.

त्या वर्षी शहरातल्या नाणी जमवणाऱ्या मंडळींनी एका सभागृहात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यांचे चिटणीस मुळे वकील. भोसल्यांच्या रुपयांचा त्यांचा संग्रह मोठा होता. वाचनालयात बाबांची आणि त्यांची ओळख झाली होती. त्यांनी बाबांना एक अख्खं टेबल देऊ केलं, आणि टेबलावर नाव असलेली पाटी. आमच्या वस्तीत ही बातमी पसरली तेव्हा कोणालाच बायझंटाइन म्हणजे काय ते कळलं नाही, पण सगळ्यांना एक गोष्ट बरोबर कळली, की त्या सभागृहात आजवर आपली माणसं खुर्च्या मांडायला गेली होती आणि आता मास्तर तिथे जाणकार म्हणून उभे राहणार. बाबा वरकरणी काही दाखवत नव्हते. पण शाळेत जाताना ते पाटीवरचा मजकूर मनात घोळवत असावेत, कारण दोनदा ते जेवणाचा डबा विसरून गेले.

प्रदर्शनाच्या आधी मुळे वकील नाणी पाहायला आमच्या घरी आले. उंच, गोरे, पांढरं धोतर, काळी टोपी. माय कामावरून लवकर आली होती. तिनं पडवी शेणानं सारवण्याऐवजी पाण्यानं धुतली, खुर्चीवर नवीन टॉवेल टाकला, कपबशी तीनदा विसळली. वकील आले, चपला बाहेर काढून आत आले, खुर्चीवर बसले, चहा प्यायले. पूर्ण प्यायले. माय दाराआडून पाहत होती आणि कप रिकामा झालेला पाहून तिनं माझ्याकडे बघून मान डोलावली. मग बाबांनी पुड्या सोडल्या. वकिलांनी एकेक नाणं कडेनं धरून उजेडात फिरवलं. "वा, मास्तर, वा!" म्हणत होते. नाणी काळपट हिरवी होती, काहींवर शेवाळासारखा थर. सगळी पाहून झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश, नखांपर्यंत. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि नमस्कार करून गेले.

माय कपबशी उचलायला आली. तिनं आधी रिकाम्या खुर्चीकडे, मग उघड्या पुड्यांतल्या काळपट नाण्यांकडे पाहिलं. तिच्या मनात काय आलं ते मला ठाऊक होतं, कारण मीही तो रुमाल पाहिला होता. वाचणाऱ्याला कदाचित वाटेल, रुमालानं बोटं पुसली त्यात काय एवढं. ज्यांच्या घरून निघताना कधी कोणी हात पुसले नाहीत त्यांना तसं वाटणं साहजिक आहे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रविवार नव्हता, बाबा शाळेत गेले होते. मी कॉलेजातून दुपारी आले तर न्हाणीजवळ माय बसलेली, पुढे पितळी परात, परातीत चिंचेचं पाणी, आणि बाजूला पांढऱ्या धुतलेल्या साडीच्या तुकड्यावर एका ओळीत राजे. लखलखीत. नुकत्याच घडवलेल्या लोट्यासारखे गुलाबी-तांबडे. पत्रकं तिनं नीट उलगडून, सरळ करून, वर दगड ठेवून वाळत घातली होती. तिच्या हातात शेवटचं नाणं होतं आणि ती ते अंगठ्यानं, राखेच्या चिमटीनं, बाळाचं तोंड धुवावं तशी घासत होती.

"बघ वं," ती म्हणाली. "आता कोन म्हनते का मास्तरच्या घरचं मळकं आहे. आता पुसू दे त्याले बोटं."

मला तेव्हा नाण्यांच्या वयाचं, त्या थराचं काही माहीत नव्हतं. मला ती नाणी खरोखर सुंदर वाटली. मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून ती कोरड्या फडक्यानं पुसली. राजांची तोंडं पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होती, दाढ्या, मुकुट, कानांजवळ लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरी. माय एका नाण्यापाशी थांबली. त्यावर दोन चेहरे होते, मधे एक उभा क्रॉस. "हे बाई दिसते," ती म्हणाली. मी म्हटलं, "राण्या असतील काही." मला सांगता येत नव्हतं आणि तिनं पुढे विचारलं नाही.

बाबा आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मागच्या गल्लीत माग चालू होते. माय पडवीत उभी राहिली, पदर खोचलेला, हातांची बोटं चिंचेनं पांढरी पडलेली, आणि तिनं फडकं बाजूला केलं. माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे झालं ते मी नंतर एकदाच पाहिलं, त्यांची आई गेली तेव्हा. मग ते म्हणाले, "चमकून राहिले." एवढंच. मायचा चेहरा उजळला. त्यांनी दप्तर खुंटीला लावलं आणि हापशीवर तोंड धुवायला गेले. मी त्यांच्या मागे गेले, हापसायला. ते ओंजळीमागून ओंजळ तोंडावर मारत राहिले, तोंड धुवायला लागतं त्याहून कितीतरी जास्त.

"काय झालं, बाबा?"

त्यांनी मला सांगितलं. तो हिरवा थर म्हणजे नाण्याची कातडी. शेकडो वर्षांत, मातीत, घामात, हातांत ती तयार होते. जाणकार माणूस आधी ती पाहतो, मग राजा. ती गेली की नाणं उघडं पडतं. पुन्हा चढवता येत नाही. "दोन नाण्यांची तं अक्षरंही गेली," ते म्हणाले. "थराच्या आधारानंच उभी होती ती."

"मग उद्या?"

"उद्या जाऊ. पण तुझ्या मायले हे कळलं नाही पायजे. तिनं माझ्यासाठी केलं."

मी पेटले. खरं लपवायचं? ज्या घरात सत्य हा शब्द भिंतीवर चिकटवलेला, तिथे? आणि शिवाय माझा राग भलतीकडेच वळला होता. ज्यानं रुमाल काढला त्यानं हे घडवलं असं मला वाटत होतं. मी त्याच संध्याकाळी एक पत्रक लिहून काढलं, 'रुमालाची संस्कृती' असं त्याचं नाव होतं, आणि ते सभागृहाच्या दारात वाटायचं ठरवलं. माय चुलीपाशी लांब रोट्या करत होती, उपड्या मडक्यावर टाकलेल्या, रुमालासारख्याच पातळ. बाबांना त्या फार आवडायच्या. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त जेवले. तेवढी एकच गोष्ट त्यांना तिच्यासाठी करता येत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. माय पांढरी साडी नेसली होती, तीच जी ती पौर्णिमेला वंदनेला नेसायची. सभागृहात उंच खिडक्या, पंखे, टेबलांवर हिरवं बनातीचं कापड. बाबांच्या नावाची पाटी होती, पूर्ण नाव, आडनावासकट. बाबांनी नाणी मांडली आणि त्या बनातीवर ती इतकी चमकली की दुसऱ्या टोकाची माणसं वळून पाहू लागली.

मुळे वकील आले. पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "अरेरे! मास्तर, हे काय केलंत? कोणी घासली ही? अहो, नाश केला हो सगळ्याचा!"

शेजारच्या टेबलांवरची माणसं जवळ सरकली. बाबा म्हणाले, "माझ्याकडूनच…"

"मी घासली," माय म्हणाली. ती पुढे आली. "काहून? काय झालं?"

वकील तिच्याकडे पाहतच राहिले. ते बाबांकडे वळून हळू म्हणाले, "मास्तर, साफ केलेली नाणी मांडायचा आमच्याकडे रिवाज नाही. टेबल… बघू या काय करता येतं ते." आणि त्यांचा हात नकळत त्या नावाच्या पाटीकडे गेला. मी पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती, उद्गारचिन्हांसकट. मायनं न पाहता माझं मनगट धरलं. "तू थांब वं."

मग ती वकिलांना म्हणाली, "साहेब, तुमी आमच्या घरी आले होते. नाणे पायले अन् मंग रुमालानं बोटं पुसले. मी पायलं. म्हनून घासले."

मुळे वकिलांचा गोरा चेहरा लाल झाला. "अहो वहिनी," ते म्हणाले, "तांब्याचा हिरवा रंग हाताला लागतो. कडवट असतो, डोळ्याला हात गेला तर चुरचुरतो. मी तर नाणी हातात घेण्याआधीसुद्धा पुसले होते हात. घाम लागू नये म्हणून. आम्ही सगळेच पुसतो."

"आधी पुसले ते नाही पायलं मी," माय म्हणाली. मग त्यांच्या हातांकडे पाहून म्हणाली, "असन." तिचं ते 'असन' मी अजून ऐकते. त्यात विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. माणूस पुन्हा तपासून पाहू, असं काहीतरी त्यात होतं.

आणि मग ती बाबांकडे वळली. "अन् तुमी? नाश झाला तं काल काहून नाही सांगतलं?"

बाबांनी खाली पाहिलं. मग त्यांनी सांगितलं, सगळ्यांसमोर, साध्या शब्दांत, जे मला हापशीवर सांगितलं होतं ते सगळं. थर म्हणजे काय, तो कसा चढतो, गेला की परत का चढवता येत नाही. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

माय ऐकत होती. ती रडली नाही. ती म्हणाली, "इतके वर्ष खाटेखाली ठेवून राहिले. म्या त्याच्याखालची जमीन पुसली. एक दिवस तरी सांगतलं का मले, शेवंते, हे काय आहे, हे कोन आहे? पोरीले सांगतलं, वाचनालयातल्या मानसाले सांगतलं. सांगाले काय मानसाचं तोंड पाहाव लागते? सांगतलं असतं तं मी हात लावला असता का?"

बायकोला नावानं हाक मारणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस माझा बाप. लग्नात त्यानं स्वतः लिहिलेलं समतेचं पत्रक वाटलं होतं. तो माणूस तिथे उभा राहून म्हणाला, "नाही सांगतलं."

"मंग आता सांगा."

"आता?"

"मंग कधी? हे बाई कोन आहे?" तिनं दोन चेहऱ्यांच्या नाण्यावर बोट ठेवलं.

बाबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांचा हात पाटीवरून केव्हाच मागे गेला होता. ते एक खुर्ची ओढून घेऊन आले आणि ती त्यांनी मायच्या मागे ठेवली. माय बसली नाही, पण खुर्ची होती.

"ही झोई," बाबा म्हणाले. "अन् हा तिचा पोरगा, कॉन्स्टन्टाइन. बाप मेला तेव्हा लहान होता. म्हणून मायनं राज्य चालवलं. नाण्यावर दोघंही."

"बाप कोन?"

बाबांनी शेजारचं नाणं पुढे केलं. लांब दाढीचा, थकल्या डोळ्यांचा माणूस. "हा, लिओ. ह्याच्या तीन बायका मेल्या. पोरगा नव्हता. मंग ही झोई त्याच्याजवळ राहिली, पोरगा झाला, त्यानं तिच्याशी लग्न केलं. पण त्यांच्या धर्मात चौथं लग्न चालत नव्हतं. सगळ्यात मोठा धर्मगुरू म्हणाला, तू पापी. सणाच्या दिवशी राजा देवळात गेला तं त्यानं त्याले दारातच थांबवलं. आत नाही येऊ दिलं."

मायचं बोट नाण्यावर थांबलं. "कोनाले? राजाले?"

"राजाले."

"दारात?"

"दारात."

माझा बाप हे बोलताना स्वतःच अडखळला. त्याला ती गोष्ट वर्षानुवर्षं माहीत होती, पण मायला सांगेपर्यंत त्याला त्यात ते दार दिसलं नसावं. ज्या इतिहासात आपलं कोणी नाही म्हणून तो रागावल्याशिवाय वाचत होता, त्याच्या मधोमध ते होतं.

"मंग काय केलं त्यानं?" मायनं विचारलं.

"त्यानं तो धर्मगुरू काढला अन् दुसरा बसवला."

माय क्षणभर त्या दाढीवाल्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "राजाचं बरं असते बाप्पा. आपल्याले धरम बदलाव लागला, त्यानं पुजारीच बदलला!"

आधी कोणीतरी मागून फसकन हसलं. मग सगळेच. मुळे वकील इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला, आणि डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला, आणि काढल्यावर तो हातात तसाच धरून ते मायकडे पाहत राहिले. तेव्हा माय आणखी हसली.

दिवसभर गर्दी त्याच टेबलाभोवती होती. जाणकार मंडळी येत, चुकचुकत आणि पुढे जात. पण बाकीच्यांना, शाळकरी पोरांना, कोष्टी गल्लीतून आलेल्या माणसांना, आमच्या वस्तीच्या बायांना, त्या चमकत्या तोंडांत माणसं दिसत होती. बाबा सांगत होते आणि अर्ध्यावरून माय सांगत होती. "हे जुईबाई," ती म्हणायची, झोई तिच्या जिभेवर बसली नाही कधीच. संध्याकाळी आवराआवर करताना तिनं विचारलं, "मंग पुढं काय झालं जुईचं?"

"सेनापती आला. त्यानं सत्ता घेतली. तिचे केस कापून मठात पाठवलं."

"अन् पोरगा?"

"पोरगा नावापुरता राजा राहिला. पुस्तकं लिहीत बसला. लई वर्षांनी राज्य परत भेटलं."

मायनं माझ्याकडे, माझ्या पिशवीतल्या न वाटलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "मंग हाय आशा," ती म्हणाली.

मी ते पत्रक वाटलं नाही. ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं आणि आजही ठामपणे वाटत नाही. रुमालाची संस्कृती होती, आहे. ती त्या एका माणसाच्या खिशात त्या दिवशी होती की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि मायनं तो माझ्याआधी आणि माझ्याहून सरळ विचारला होता. पुढे आयुष्यभर मी लिहीत राहिले, सभांतून बोलले, दोनदा पोलिसांच्या गाडीत बसले. पण लिहायला बसले की अजूनही मनगटावर तो चिंचेचा वास असलेला हात जाणवतो, आणि मी वाक्य एकदा तपासते.

'रुमालाची संस्कृती'चे कागद बाबांनी वाया जाऊ दिले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी त्यांचे चौकोन कापले आणि माय आणि ते दोघं खाटेवर बसून पुड्या बांधू लागले. त्यानंतर जेवणं झाली की एक पुडी उघडायची, एक राजा सांगायचा, असा त्यांचा नेम झाला. वरणाला फोडणी देता देता माय आतून ओरडायची, "आज कोनाची पाळी आहे वो?" वर्षभरात तिला ते सगळे मुखोद्गत झाले, कोणी कोणाला आंधळं केलं, कोणी कोणाला मठात टाकलं. शेजारणींना ती त्या गोष्टी पाचपावलीत घडल्यासारख्या सांगायची. आणि दर बुद्धपौर्णिमेला, खीर झाल्यावर, डबा उघडला जायचा. नाणी वर्षावर्षानं काळवंडत होती, आधी विटकरी, मग गुळासारखी. माय एकेक उचलून उजेडात धरायची, कडेनं, वकिलासारखी. "अवो मास्तर, आला का हिरवा?"

"हजार वर्षं लागतील, शेवंते."

"लागू द्या. आपल्याले कुठं जाचं आहे?"

आधी बाबा गेले, मग काही वर्षांनी ती. डबा माझ्याकडे आहे. परवाच्या पौर्णिमेला मी तो उघडला. पुड्यांचे कागद पिवळे पडले आहेत, घड्यांवर फाटले आहेत, माझीच वाक्यं मला तुकड्यातुकड्यांनी वाचता आली. जुईबाईचं नाणं काढलं. ते आता पार तपकिरी झालंय. पण तिच्या वस्त्राच्या एका चुणीत, मुलाच्या खांद्याला लागून, मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. मी खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. होता.

नाणं हातात घेण्याआधी मी हात पुसले होते, घाम लागू नये म्हणून. पुडी बांधून झाल्यावर माझं मलाच कळायच्या आत पुन्हा पुसले, एकेक बोट, सावकाश, नखांपर्यंत. मग तो रुमाल मांडीवर उलगडला आणि त्याला कुठे हिरवं लागलंय का ते पाहिलं.